लाल ओळ म्हणजे काढलेली ओळ नव्हे

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज परत परत येतो. त्यात लिहिलंय की गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन ब्रँचमधला (कामाच्या दोन फांद्यांमधला) फरक बघायला ‘गिट डिफ मेन..फीचर’ एवढी कमांड पुरते; मेन म्हणजे सगळ्यांची मुख्य ब्रँच, फीचर म्हणजे एखाद्या नव्या कामाची. त्यात लाल दिसणारी ओळ फीचरवाल्याने काढलेली असते. ब्रँच मेनच्या ‘पुढे’ दिसत असेल, तर तिचं काम अजून मर्ज झालेलं, म्हणजे मेनमध्ये मिसळलेलं, नाही. आणि मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडचे बदल एकाच जागी आदळणं) आला नाही, तर काळजीचं कारण नाही. यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. लाल ओळीच्या विधानापायी तर गेल्या महिन्यात एका नवीन मुलीने नाहक बोलणी खाल्ली, म्हणून हे लिहायला बसलो.

पिनकोड तपासणाऱ्या अडतीस ओळी तिच्या डिफमध्ये (फरकाच्या यादीत) लाल दिसत होत्या. ‘हे का काढलंस?’ असं भर मीटिंगमध्ये विचारलं गेलं. ‘सर, मी त्या फाइलला हातच लावला नाही,’ हे तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तिने ब्रँच काढली सोमवारी, आणि त्या अडतीस ओळी दुसऱ्या कुणीतरी मेनमध्ये टाकल्या बुधवारी. तिच्याकडे त्या कधी आल्याच नव्हत्या.

दोन टिंबांचा डिफ फक्त दोन टोकं समोरासमोर ठेवतो, मधल्या इतिहासाशी त्याला देणंघेणं नसतं. मेनमध्ये आहे आणि फीचरमध्ये नाही, की ओळ लाल. ती कुणी काढली की तिथे पोचलीच नाही, हे त्यावरून कळत नाही. ठाण्याहून वाशीला आणि पनवेलला जाणाऱ्या लोकल आठवा. तुर्भ्यापर्यंत दोन्ही एकाच मार्गाने जातात, मग एक सानपाड्याकडे वळते, दुसरी जुईनगरकडे. पनवेल गाडीने तुर्भ्यानंतर काय केलं, हे वाशी स्टेशनकडे बघून कसं कळणार? तुर्भ्यापासूनच मोजायला हवं. गिटमध्ये त्या तुर्भ्याला मर्ज-बेस म्हणतात, आणि तिथून मोजायचं तर तीन टिंबं: ‘गिट डिफ मेन...फीचर’. गिटहब या साइटवर पुल रिक्वेस्ट (‘माझं काम मिसळून घ्या’ ही विनंती) उघडल्यावर दिसतो तो हाच, तीन टिंबांचा डिफ. त्या मुलीच्या ब्रँचवर ही कमांड चालवली तेव्हा पिनकोडच्या फाइलचं नावसुद्धा आलं नाही. तशीच मर्ज केली असती तरी त्या ओळी मेनमध्ये शाबूत राहिल्या असत्या.

मर्ज-बेस म्हणजे ब्रँच काढली तीच जागा, असंही धरून चालू नका. मधेच मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज केलंत, की तो पुढे सरकतो. तुर्भे मात्र हलत नाही, एवढ्यापुरता माझा दाखला अपुरा आहे.

टिंबांचा घोळ लॉगमध्ये, म्हणजे कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) यादीत, आणखी वाढतो. ‘गिट लॉग मेन..फीचर’ म्हणजे फीचरमध्ये आहेत पण मेनमध्ये नाहीत असे कमिट. तीन टिंबं दिलीत तर दोन्ही बाजूंचे वेगळे कमिट येतात. म्हणजे एका बाजूचंच काम हवं असेल, तर डिफला तीन टिंबं आणि लॉगला दोन. हे पाठच करावं लागतं.

आता ‘पुढे’च्या आकड्याबद्दल, म्हणजे ब्रँच मेनच्या किती कमिट पुढे दिसते त्याबद्दल. तो आकडा कमिट मोजतो, काम मोजत नाही. कमिटचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक) नुसत्या मजकुरावरून ठरत नाही, त्यात आधीचा कमिट, लेखक, वेळ असं सगळं येतं. त्यामुळे चेरी-पिक केलं, म्हणजे एखादा कमिट उचलून मेनमध्ये लावला, की तोच बदल नव्या हॅशने मेनमध्ये बसतो आणि जुना कमिट ‘मर्ज न झालेला’ म्हणून लटकत राहतो. इथे ‘गिट चेरी मेन फीचर’ चालवा. ज्या कमिटचा बदल मेनमध्ये तसाच सापडतो त्याच्यापुढे वजा चिन्ह येतं, बाकीच्यांपुढे अधिक. पण पाच कमिटचा स्क्वॉश करून एक केला असेल, किंवा उचलताना कॉन्फ्लिक्ट सोडवत मजकूर बदलला असेल, तर हीसुद्धा जुळणी चुकते. तिथे माणसालाच वाचावं लागतं. आकडा बघून तेच काम पुन्हा मर्ज करायला निघालेले लोक मी पाहिलेत, आणि तशीच ब्रँच ‘मर्ज झाली असेल’ म्हणून उडवणारेही.

रिबेस करून (कमिट नव्या पायावर पुन्हा रचून) पुन्हा पुश केलेल्या (सर्व्हरवर पाठवलेल्या) ब्रँचची तर गोष्टच वेगळी. तिथे जुनी आणि नवी मालिका कमिटला कमिट लावून बघायला ‘गिट रेंज-डिफ’ आहे, 2018 मध्ये आलेल्या 2.19 आवृत्तीपासून. रिव्ह्यू करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो, तरी ती फारशी कुणी वापरत नाही.

राहिला कॉन्फ्लिक्ट. गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. मेनमध्ये कुणी एका फंक्शनचं नाव बदललं आणि फीचरमध्ये दुसऱ्याच फाइलमधून जुन्या नावाने नवा कॉल टाकला, तर मर्ज गुपचूप होतो आणि बिल्ड (कोडमधून प्रोग्रॅम तयार होणं) तुटतो. तीन टिंबांच्या डिफमध्येही हे दिसत नाही, कारण तो मेनवर नंतर झालेलं दाखवतच नाही. एकत्र झाल्यावर काय होईल ते बघायचं, तर तात्पुरत्या ब्रँचवर मर्ज करून टेस्ट चालवायच्या.

त्या मुलीच्या रिव्ह्यूखाली ‘न विचारता कोड काढला’ हा शेरा अजून तसाच आहे. तीन टिंबांचा डिफ मी त्याच्याखाली चिकटवलाय, आणि शेरा मीटिंगमध्येच मागे घ्यावा असं टीम लीडना सांगितलंय.