लिहिताना कुठे अडतं, ते आधी विचारा

"मराठीत लिहायला सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की नाशिकच्या लेखक मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. मी उलट विचारतो, त्रास नेमका कशाचा होतो? डोळ्यांचा, बोटांचा, की पडद्यावरचं वाचून डोकं लवकर थकतं? हे कळल्याशिवाय नाव सुचवण्यात अर्थ नाही.

माझी आत्या पंचवटीत राहते. संधिवातामुळे तिची बोटं वळत नाहीत. ती गूगल डॉक्सवर बोलून लिहिते. जोडाक्षरंसुद्धा नीट उमटतात. पण विरामचिन्हं बोलून टाकायची सोय तिथे इंग्रजी, जर्मनसारख्या मोजक्याच भाषांना आहे, मराठीला नाही. "ही ओळ खोड" असं मराठीत सांगूनही चालत नाही. मग संध्याकाळी माझी बहीण शेजारी बसते, आत्या वाक्य कुठे थांबतं ते सांगते आणि बहीण टिंब देते.

सातपूरच्या माझ्या मित्राला अजिबात दिसत नाही. त्याला बोलून लिहिणं नकोच असतं, वाक्य बोटांतून यावं लागतं म्हणतो. तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम, वापरतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो 2006 मध्ये लिहायला घेतला. टायपिंगला इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांना ठरलेल्या कळा देणारा कीबोर्ड. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कीबोर्ड आपल्याला सोपे वाटतात, पण त्यातल्या अनेकांत सुचवलेल्या शब्दांच्या यादीतून निवड करावी लागते, आणि ती यादी ऐकत बसलं की हातातलं वाक्य सुटतं. इनस्क्रिप्टमध्ये क ची कळ ठरलेली, शिफ्टसकट तीच दाबली की ख. एकदा हाताला बसलं की बघायची गरज नाही.

ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी एक छोटी गोष्ट. वर्डमध्ये झूम करून अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळते. व्ह्यूमध्ये जाऊन वेब लेआउट निवडा, ओळ खिडकीच्या रुंदीत मावते. नवीन काही विकत घ्यायला नको.

आता संपादकांना कळकळीची विनंती. याच मित्राची कथा एका अंकाने "आमच्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवा" म्हणून परत पाठवली. जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, वरचा आकार फक्त मराठी दिसतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणून त्याला स्वतःचीच कथा अर्थहीन इंग्रजी अक्षरांत ऐकू येते. ती तो तपासणार कशी? युनिकोडमधून, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचेच संकेत असतात त्या पद्धतीतून, फॉन्ट बदलून घेणं छापणाऱ्याला जमतं, कन्व्हर्टर असतात. ते काम लेखकावर ढकलू नका. युनिकोड फाइल स्वीकारतो, एवढी एक ओळ आवाहनात छापा.

नाशिकमध्ये कुणाला यातलं काही स्वतः हाताळून बघायचं असेल तर मेसेज करा. लॅपटॉप घेऊन घरी येईन. निवड मात्र लिहिणाऱ्यानेच करायची, मुलाने किंवा पुतण्याने नाही.