ओट्सच्या नावावर फाटणारी पावती

बाबांचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी नीट काम करत नाहीये, हे कळल्यावर आठवडाभरात दोन फोन आले. एक म्हणाले, "ओट्स सुरू करा." दुसरे म्हणाले, "ओट्स? अहो, नुसता फॉस्फरस असतो त्यात!" बाबांचे रिपोर्ट दोघांनीही पाहिलेले नव्हते.

आज बाबा किडनीच्या आजाराच्या स्टेज ४ ला आहेत आणि ओट्स खातात. आठवड्यातून तीनदा, ४० ग्रॅम, काट्यावर मोजून. ('एक वाटी' हे काही माप नव्हे, प्रत्येक घरातली वाटी वेगळी.) एवढ्या कोरड्या ओट्समध्ये साधारण १६० ते २०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. थकलेल्या किडनीला तो नीट बाहेर टाकता येत नाही, म्हणून आकडा ऐकून धडकी भरते खरी, पण धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवणारं एन्झाइम आपल्या आतड्यात जवळपास नसतंच, त्यामुळे निम्म्याहून कमीच रक्तात उतरतो. पाकीटबंद पदार्थांत घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. म्हणून चवीचे झटपट ओट्स आम्ही बंद केले, त्यात मीठही भरपूर असतं. पाकिटावर फॉस्फरसचं प्रमाण सहसा छापत नाहीत. घटकांच्या यादीत 'फॉस्फेट' हा शब्द किंवा ३३९, ३४०, ३४१, ४५० ते ४५२ हे त्याचे कोड नंबर दिसले की पाकीट परत फळीवर.

खरा घोळ वाटीत वरून पडणाऱ्या गोष्टींचा. फॉस्फरससारखंच पोटॅशियमही थकलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. ४० ग्रॅम ओट्सचं पोटॅशियम दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात २०० मिली दूध घातलं की आणखी तीनशे, वर दोनशेच्या घरात फॉस्फरस. एक केळं म्हणजे अजून चारशे पोटॅशियम. मग खजूर, बदाम. आणि रिपोर्ट बिघडला की पावती ओट्सच्या नावावर फाटते! आम्ही पाण्यात शिजवतो, दूध नावापुरतं, वर सफरचंद. कमी सोडियमचं मीठ अजिबात नाही, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं.

बाबांचं पोट साफ राहतं हा मला ओट्सचा मोठाच फायदा वाटतो. किडनी थकली की नेहमीपेक्षा जास्त पोटॅशियम शौचावाटे बाहेर जातं, बद्धकोष्ठता झाली की तेही अडतं.

हे गणित बाबांचं आहे, तुमचं वेगळं असेल. डायलिसिसवर प्रोटीन जास्त लागतं आणि ओट्समधलं पाणीही दिवसाच्या पाण्यात धरावं लागतं. आमच्या आहारतज्ज्ञ दर वेळी ताजा रिपोर्ट बघूनच बोलतात. मधे एकदा रक्तातलं पोटॅशियम ५.६, म्हणजे जास्त आलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्यावर सफरचंद चालू राहिलं आणि दूध पूर्ण गेलं.

बाबा त्या वाटीला 'खळ' म्हणतात. खातात मात्र चाटूनपुसून.