देणगीच्या पावत्या विकणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आयकर रिटर्न भरायचे दिवस आले की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणाऱ्या माझ्या मावसभावापर्यंत पोचला. त्यानं मला पाठवला तोवर त्याचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) आणि पॅन एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊनही पडलं होतं. "अक्का, शॉपमधली सगळी पोरं करायलीत. बघ की जरा," एवढंच त्यानं लिहिलं होतं. मी सार्वजनिक ट्रस्टांचे हिशेब लिहिते, देणगीच्या पावत्या माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

मेसेजातले दावे थोडक्यात असे. देणगी दिली की तेवढा कर परत मिळतो. कुठल्याही देवळाची, मंडळाची पावती चालते. पूरग्रस्तांना दिलेल्या सामानाची किंमतही धरता येते. नवी करप्रणाली असली तरी फरक पडत नाही. नवा आयकर कायदा आल्यामुळे जुन्या चौकश्या बंद झाल्या. आणि सगळ्यात शेवटी, खरा धंदा तिथंच आहे: "एक लाखाची पावती घ्या, कमिशन कापून बाकी रक्कम परत. पावती असली की खातं काही विचारत नाही."

आधी या शेवटच्या दाव्याबद्दल बोलते, कारण माणसं बुडतात ती यानं.

पावती म्हणजे नुसता शिक्का मारलेला कागद, हा समज पाच-सहा वर्षं जुना झाला. देणगीवर उत्पन्नातून वजावट देणारं आयकराचं कलम म्हणजे ८०जी. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जीची मंजुरी असलेल्या ट्रस्टला प्रत्येक देणगीदाराची माहिती फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला कळवावी लागते. मुदत ३१ मे. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, आणि ती रोख आली, वस्तुरूपात आली की बँकेतून, हे सगळं त्यात असतं. ते भरलं की आयकर पोर्टलवरून फॉर्म १०बीई निघतो. तेच देणगीचं प्रमाणपत्र, आणि वजावट मागायला तेच लागतं. तुमच्या रिटर्नमधल्या ८०जीच्या तक्त्यात ट्रस्टचा पॅन आणि देणगीचा संदर्भ क्रमांक टाकावा लागतो. म्हणजे एकाच रकमेची नोंद दोन बाजूंनी खात्याकडे जाते. ट्रस्टनं कळवलेलंच नसेल तर तुमची पावती उघडी पडते. ट्रस्टच यात सामील असेल तर त्याच्यावर कारवाई होते त्या दिवशी त्याची सगळी यादी खात्याच्या हातात जाते, आणि त्या यादीत तुमचा पॅन असतो. शिवाय 'बाकी रक्कम परत' आली याचा माग बँकेत राहतो. रोखीनं परत आली तरी एजंटाच्या फोनमध्ये हिशेब असतोच.

हे माझं मत नाही. १४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं जाहीर निवेदन काढलं. देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी सुरू केल्याचं त्यात म्हटलंय. कमिशनवर खोट्या वजावटी दाखवून रिटर्न भरणाऱ्या मध्यस्थांवर ही कारवाई होती. ज्या राज्यांत हे प्रकार सापडले त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे, आणि गैरवापर झालेल्या कलमांत ८०जीही आहे, राजकीय पक्षांना दिलेल्या देणगीचं ८०जीजीसीही आहे. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपण होऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, हेही त्यातच आहे. 'खातं विचारत नाही' म्हणणाऱ्यानं हे एक निवेदन तरी वाचावं.

आता पैशात बघू. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस एक लाखाची खोटी पावती लावतो. अशा ट्रस्टच्या देणगीवर ५० टक्केच वजावट, म्हणजे फार तर ५०,०००. कर वाचला उपकरासह १०,४००. त्यातून एजंटाचं कमिशन गेलं. पकडला गेला तर तो कर व्याजासह भरायचा आणि वर कलम २७०ए खाली चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दुप्पट दंड. रिटर्नमधली माहिती खरी आहे अशी खोटी ग्वाही दिली म्हणून कलम २७७ खाली खटला होऊ शकतो. आणि हे सगळं कुणावर? एजंटाचं नाव रिटर्नवर कुठंच नसतं. "ओटीपी आला असेल, सांगा" असं तो फोनवर म्हणतो आणि आपण सांगतो. तो आधारचा ओटीपी म्हणजे आपली सही. वरच्या सगळ्या माहितीची जबाबदारी त्या सहा आकड्यांनी आपण घेतलेली असते. शॉपमधल्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझ्या भावाच्या बाबतीत तर राग येण्याजोगी गोष्ट पुढंच आहे. त्याला नुसता पगार, दुसरं उत्पन्न नाही, आणि पगार वर्षाला पावणेतेरा लाखांच्या बराच आत. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत अशा माणसाला कर शून्य आहे. कंपनीनं जुन्या प्रणालीनं टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कर, कापला असला तरी पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना नवी प्रणाली घेता येते, आणि कापलेला पैसा कायद्यानं परत येतो. त्याला कसलीच पावती लागत नव्हती. एजंट त्याला जुन्या प्रणालीत ठेवून खोटी पावती विकत होता, ती केवळ कमिशनसाठी.

'नव्या प्रणालीतही चालतं' हा दावाही इथंच संपतो. नव्या प्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून आपण काही निवडलं नाही तर नवीच प्रणाली लागू होते.

'तेवढा कर परत' हेही धादांत खोटं. देणगी उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. वीस हजार खरोखर दिले, ५० टक्क्यांची संस्था असली, तर दहा हजार उत्पन्नातून वजा होतात आणि वरच्याच माणसाचे २,०८० रुपये वाचतात. बहुतेक संस्थांच्या बाबतीत वर उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादाही आहे. देणगी द्यायची ती द्यायची म्हणून. तिच्यात नफा नसतो.

यात एक गोष्ट मान्य करायला हवी. शंभर टक्के वजावट खरोखर आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, मुख्यमंत्री सहायता निधी यांना दिलेली पूर्ण रक्कम वजा होते, दहा टक्क्यांची मर्यादाही नाही. आणि फॉर्म १६ मध्ये देणगी नसली तरी रिटर्नमध्ये दाखवता येते, हेही मेसेजात बरोबर लिहिलंय. अर्धं खरं असल्यामुळेच बाकीचं खपतं.

देवळांचं म्हणाल तर कायद्यात तरतूद आहे, पण ती केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या स्थानांच्या दुरुस्ती-जीर्णोद्धारासाठी, आणि तीही ५० टक्के. एरवी संस्थेकडे ८०जीची मंजुरी हवी. दानपेटीत टाकलेले पैसे, तालमीच्या गणपतीची वर्गणी यांना ती लागू होत नाही. कुठंही दिले तरी दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही.

सामानाचा दावा मला लागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा लोकांनी चादरी, बिस्किटांचे पुडे, पाण्याचे बॉक्स, जे हाताला लागेल ते दिलं. कुणी किंमत मोजली नव्हती. वस्तुरूपातल्या देणगीला ८०जीत वजावट नाही, पैसेच द्यावे लागतात. त्या मदतीच्या नावावर आज आकडे फुगवायला शिकवणं मला सहन होत नाही.

नवा कायदा? २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, हे खरं. पण त्याआधीच्या वर्षांना १९६१ चाच कायदा लागतो. काहीही पुसलं गेलेलं नाही.

शाहू महाराजांच्या काळापासून वर्गणी-देणगीवर वसतिगृहं चालवणारं हे कोल्हापूर आहे. खोट्या पावत्यांमुळे संशय येतो तो सरळ चालणाऱ्या ट्रस्टांवरही, आणि उत्तरं देत बसतात त्यांचे हिशेबनीस.

कुणी आधीच असा दावा केला असेल तर नोटिशीची वाट बघू नका. सुधारित रिटर्नची मुदत गेली असली तरी अद्ययावत रिटर्न भरता येतं, करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. बाकी कर-व्याजावर जादा कर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग दरवर्षी ५०, ६० आणि ७०. जितका उशीर तितका महाग. आणि पोर्टलचा पासवर्ड एजंटाकडे असेल तर आजच बदला. आत जाऊन ईमेल आणि मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही बघा. हे लोक तात्पुरते ईमेल काढून रिटर्न भरतात आणि नंतर ते सोडून देतात, त्यामुळे नोटिसा न वाचता पडून राहतात, असं त्याच निवेदनात म्हटलंय. माझ्या भावाच्या खात्यातला ईमेल त्याचा नव्हता.