"दिव्यांगांना संस्थेतच बरं" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

गेले काही दिवस गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, देवस्थानच्या ग्रुपवर पण आला. लांबलचक आहे, सार असं: दिव्यांगांनी स्वतंत्र राहायचं हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे कुटुंब आहे, कुटुंबाला जमत नसेल तर एखादी चांगली संस्था बघावी, तिथे ते सुरक्षित राहतील, सरकार पेन्शन देतं, पर्पल फेस्ट नावाचा दिव्यांगांचा महोत्सव करतं, अजून काय हवं, मनाचा आजार असलेल्याला किंवा बुद्धी कमी असलेल्याला तसंही स्वतःचं भलं कळत नाही, आणि मूठभर लोकांसाठी गावभर रॅम्प बांधणं परवडणारं नाही. पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, वाईट मनाने कुणी पाठवलेला नाही, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

"परदेशी खूळ आहे" इथून सुरू करते. दिव्यांगांच्या स्वतंत्र जगण्याची चळवळ अमेरिकेत सुरू झाली हे खरं, पण कशी ते बघा. एड रॉबर्ट्स चौदा वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळजवळ हलेनासं झालं, रात्री आयर्न लंग नावाच्या श्वासाच्या यंत्रात झोपावं लागायचं. हा मुलगा 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला आणि 1972 मध्ये त्याने आणि त्याच्यासारख्याच इतरांनी मिळून तिथे सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग, म्हणजे स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. आता ज्याला शर्ट घालायला पण दुसऱ्याचे हात लागतात तो "मला कुणाची मदत नको" कसं म्हणेल? त्याने तसं कधी म्हटलंच नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मदतीला कोण येणार, किती वाजता येणार, मी काय शिकणार, कुठे राहणार हे मी ठरवणार. मेसेजमध्ये जे चित्र रंगवलंय ना, बंद फ्लॅटमध्ये एकटा पडलेला अपंग माणूस, ते या चळवळीतल्या कुणीही मागितलेलं नाही.

आणि परदेशी तर अजिबात राहिलेलं नाही. अपंग हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी स्वतः व्हीलचेअरवर होते, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी डिसेंबर 1995 मध्ये दिल्लीत रस्त्यावर उतरून संसदेला अपंगांच्या हक्कांचा पहिला कायदा करायला लावला. 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार मान्य केला, त्यातलं कलम 19 नेमकं समाजात स्वतंत्र राहण्यावरच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 तर सरळ सांगतं की दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये, घरी राहून लागणारी मदत, अगदी मदतनीसासकट, त्याला मिळावी यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत.

कुटुंबाबद्दल. कुटुंब आहे म्हणूनच तर हे लोक आज जगतायत, ते कोण नाकारतंय? पण आपल्या गोव्यातली घरं कशी झालीत ते जरा बघा. एक मुलगा बोटीवर नोकरीला, मुलगी लंडनला नाहीतर पुण्याला, घरात सत्तरीची आई आणि चाळिशीचा अपंग मुलगा. अशा कुठल्याही आईशी पाच मिनिटं बोला, "माझ्यामागे याचं कोण करणार" हेच ती बोलेल. गावातच कुणी प्रशिक्षित माणूस सकाळ-संध्याकाळ येत असेल तर ती माऊली निवांत झोपेल, याने कुटुंब तुटतं कसं हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या मावसभावाचं सांगते, फोंडा तालुक्यातलंच घर. पावसात मोटरसायकल घसरली, कण्याला मार बसला, कमरेखाली काही हालचाल राहिली नाही. सुरुवातीला त्याला आंघोळ कधी, तर धाकट्या भावाची कुंडईच्या फॅक्टरीतली शिफ्ट जशी असेल तशी, कारण न्हाणीचं दार दोन फुटी आणि व्हीलचेअर दोन्ही बाजूंनी अडायची, मग आईने काखेत हात घालायचे आणि भावाने पाय धरायचे. भाऊ डबल ड्युटीला गेला की आंघोळ नाही. तिशीतला माणूस, आईसमोर, रोज. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने घरी येऊन बघितलं आणि म्हणाल्या की आधी हे दार फोडा. गवंडी बोलावला, दार तीन फुटी केलं, उंबरठा काढला, भिंतीला स्टीलचा बार ठोकला, आत एक पक्कं स्टूल. आता शेजारचा एक मुलगा रोज सकाळी थोडा वेळ येतो, पैसे घेतो, खुर्चीवरून स्टुलावर आणि परत, बाकी सगळं हा स्वतः करतो, आणि उद्या लवकर ये की उशिरा हे पण हाच सांगतो. दिवसा दोन-तीन दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचं काम करतो. पायांत काडीचा फरक पडलेला नाही. मावशीची पाठदुखी मात्र कमी झाली.

"संस्थेत सुरक्षित राहतात." गोव्यात चांगलं काम करणाऱ्या संस्था आहेत, पर्वरीचं संजय स्कूल, ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, यांनी पिढ्या घडवल्या, आणि दोन्ही शाळा आहेत हो, मुलांनी शिकावं म्हणून चालवलेल्या. मेसेज म्हणतोय ते वेगळं, माणूस आत ठेवायचा आणि बाहेरच्यांनी निश्चिंत व्हायचं. तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे अशाच एका ठिकाणी आग लागली, मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं, 28 जण गेले. त्यांना पण घरच्यांनी सुरक्षित म्हणूनच ठेवलं असणार. सगळीकडे असंच असतं असं मी म्हणत नाहीये. पण ज्या दाराला बाहेरून कडी असते आणि आतल्याला फोन करायची मुभा नसते तिथे काय चाललंय हे आपल्याला कळतच नाही, आणि धोका तिथेच असतो.

सुरक्षेच्या नावाखाली काय काय होतं याचं एक उदाहरण तर गोव्याशीच जोडलेलं आहे. फेब्रुवारी 2012, जीजा घोष, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर परिणाम होणारं अपंगत्व) असलेल्या कार्यकर्त्या, अपंगत्वावरच्याच परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, विमानात बसल्या होत्या, आणि त्यांना खाली उतरवलं, कारण काय तर तब्येतीची काळजी. त्या इथे पोचल्याच नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2016 मध्ये कोर्टाने विमान कंपनीला दहा लाख भरपाई द्यायला लावली. मला वाटतं ज्याची काळजी करायची त्याला विचारायचंच नाही ही सवय आपल्या घरातून सुरू होते.

पेन्शन आणि पर्पल फेस्ट. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून पैसे मिळतात आणि त्याचा आधार आहेच, पण पूर्णवेळ माणूस ठेवायचा तर त्याच्या कितीतरी पट लागतात, कुठल्याही घरात विचारा. पर्पल फेस्ट मला मनापासून आवडतो, 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला झाला, लोक देशभरातून आले. पण तेवढे दिवस रॅम्प असतो, खुणांची भाषा करणारे असतात, स्वयंसेवक असतात, म्हणजे हे गोव्यात जमतं हे आपणच सिद्ध केलंय. मग तोच माणूस आठवड्याने पणजीच्या स्टँडवर बसच्या उंच पायऱ्यांसमोर थांबून राहतो ते का? बसमध्ये चढताच येत नसेल तर तिकिटाच्या सवलतीचं तो काय करणार?

"त्यांना निर्णय कळत नाही" हा मुद्दा सगळ्यात जास्त लागला. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं नुसतं नाव ऐकलं की लोक घाबरतात. गोव्यातल्या 'संगात' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा ज्यात हात होता असा एक अभ्यास 2014 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, गोवा, सातारा आणि तामिळनाडू मिळून स्किझोफ्रेनियाचे 282 रुग्ण. काहींना नेहमीचे उपचार, आणि इतरांना त्याशिवाय गावातलाच प्रशिक्षित कार्यकर्ता घरी यायचा, औषधांची आठवण, घरच्यांशी बोलणं, कामधंद्याला लागायला मदत. दुसऱ्या गटाचे त्रास थोडे जास्त कमी झाले आणि रोजचं जगणं जास्त सुधारलं. चमत्कार नव्हता, फरक माफकच होता, पण तो घरी राहून झाला. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा पण हेच धरून आहे, घर नाही, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्यावरून कुणाला इस्पितळात डांबून ठेवता येत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्याला बँकेचं काम एकट्याने जमणार नाही कदाचित, पण जेवायचं काय, कुणाबरोबर राहायचं, कुठलं काम आवडतं हे तो सांगू शकतो, आपण थांबून ऐकायला हवं, कधीकधी बराच वेळ थांबावं लागतं. जिथे कायदेशीर पालक नेमावाच लागतो तिथेही 2016 च्या कायद्याने सांगितलंय की निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे, पालकाने परस्पर उरकायचे नाहीत.

राहिला खर्च आणि मूठभर लोक. 2011 च्या जनगणनेत गोव्यात 33,012 दिव्यांग मोजले गेले, आणि त्याच जनगणनेत गोव्यात शंभरातले अकरा जण साठीच्या वर होते, केरळनंतर आपणच. गुडघे गेलेली आजी, बाळाची गाडी ढकलणारी आई, गॅसचा सिलिंडर आणणारा, सगळे त्याच रॅम्पवरून जातात. फेरीबोट बघा ना! गाड्या चढाव्यात म्हणून तिची फळी धक्क्यावर टेकते, व्हीलचेअरचा विचार कुणी केला नव्हता, तरी माझा मावसभाऊ कुणी न उचलता बोटीत जातो, कारण वाटेत पायरीच नाही. पायरी घातली नाही याला काय खर्च आला?

खरा पैसा फुकट जातो तो चुकीचा रॅम्प बांधण्यात. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट, तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. मी बघितलेल्या एका पंचायतीत तो सहा फुटांत उरकलाय, वर गुळगुळीत टाइल्स, खाली गटाराची जाळी ज्यात पुढचं चाक अडकतं. बिल पास झालं, उद्घाटन झालं, आणि त्यावरून अजून कुणी व्हीलचेअर एकट्याने नेलेली नाही. जुन्या सरकारी इमारती नीट करायला कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली, नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की हे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक करा.

त्या पंचायतीच्या रॅम्पचा विषय आम्ही काही जणांनी ग्रामसभेसाठी लेखी दिलाय, मोजमापासकट. सोबत दुसरी मागणी पण आहे, गावात घरी जाऊन मदत करणाऱ्या माणसांना प्रशिक्षण आणि मानधन मिळावं असा ठराव घेऊन समाजकल्याण खात्याला पाठवावा. ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी पण रविवारी ग्रामसभेला यावं, मावसभाऊ स्वतः बोलणार आहे, त्याला थेट विचारा.