पतसंस्थेचा हप्ता आणि पोराची खावटी

आमच्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर परवा एकानं टाकलं, "आजकालच्या बाया खावटीवर ऐश करतात." खावटी म्हणजे पोटगी. खाली अकरा अंगठे. त्या अकरांतल्या निम्म्यांची पगारबिलं मी वर्षानुवर्षं बनवलीत. कोणाचं किती कापलं जायचं आणि कशापायी, हे मला अजून पाठ आहे. ग्रुपवर तोंड लावायचं नाही म्हणून इथं लिहितो. लांबेल जरा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत शिक्षण विभागाचा बाबू होतो. पगारबिल म्हणजे अर्धं काम कपातीचंच. भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. सगळ्यात जाड रकाना मात्र पतसंस्थेचा. गुरुजीनं प्लॉटसाठी, गाडीसाठी, साळ्याच्या लग्नासाठी कर्ज काढलं की पतसंस्थेची यादी यायची आणि आम्ही निमूट कापायचो. सहकार कायद्याचं कलम 49 आहे त्यासाठी. सभासदानं लिहून दिलं की पगार देणाऱ्यानं कापून पतसंस्थेला द्यायचं. त्या यादीकडे पाहून "हा तुमचा घरगुती मामला हाय बाप्पा" असं मी एकदाही म्हटलं नाही.

2014 च्या ऑगस्टमध्ये एक बाई कोर्टाचं पत्र घेऊन आली. नवरा आमच्याच तालुक्यात गुरुजी. खावटीचा आदेश होता तिला 2,000 आणि पोराला 1,500, पण त्यानं एक छदामही दिला नव्हता. 20 महिने तुंबले होते. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे मागच्या 12 महिन्यांचे 42,000 धरले आणि आधीचे 28,000 बुडाले. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, पगारातून चालू खावटीचे 3,500 आणि थकबाकीपोटी 2,000 दरमहा कापून कोर्टात भरा.

मी पत्र घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. आवक नंबर दिला नाही, म्हणजे कागद आल्याची नोंदच केली नाही.

कारण? दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, चहा सांगितला. "भाऊ, एवढा महिना राहू द्या. म्या तिले हातात देऊन राह्यलो. पगारबिलात आलं तं केंद्रातल्या साऱ्या शाळांत बोंब होईन." मला पटलं. खरं सांगायचं तर पटायला फार वेळ लागला नाही. माणूस ओळखीचा, बाई अनोळखी. वर डोक्यात तेच, नवरा-बायकोच्या भानगडीत आपण कशाला पडा? असे चार महिने गेले.

डिसेंबरात ती परत आली, पुसदकडच्या खेड्यातून, दिग्रसला गाडी बदलून, सोबत सहाएक वर्षांचं पोट्टं. कापूस वेचणीचे दिवस. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं ओरखडलेली होती, नखांच्या कडेला रक्त वाळलेलं. आजची वेचणी बुडवून आली होती, उद्या मालक कामावर बोलावेल की नाही हा घोर वेगळाच. "भाऊ, कागद तं म्या तुमच्याच हातात देल्ता नं? मंग पैसे काऊन नाई आले?" मी म्हटलं, पाहतो. फायली खालीवर करायचं नाटक केलं. तेवढ्यात त्या पोरानं टेबलावरचा आवकचा शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि आपल्या तळहातावर मारून घेतला. आईला दाखवायला लागलं. ती म्हणाली, "ठेव तो, साहेब रागावतीन." मी रागावलो नाही. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तरीही मी लगेच काही केलं नाही. कोर्टाचं दुसरं पत्र आलं, खुलासा मागणारं, तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला आणि माझी खरडपट्टी निघाली. जानेवारीच्या बिलात कपात टाकली. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नंतर उत्सुकता म्हणून एका वकील मित्राकडून वाचून घेतलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 नियम 48 मध्ये सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या नोकरांच्या पगारजप्तीची सगळी रीत लिहिली आहे. तिथं असंही आहे की जप्तीचा आदेश डावलून पगार दिला तर त्या रकमेला ते कार्यालयच जबाबदार. त्याच कायद्याच्या कलम 60 मध्ये साध्या कर्जापेक्षा खावटीचं पारडं जड ठेवलंय. खावटीच्या हुकूमनाम्यात (डिक्रीत) पगाराचा फक्त एक तृतीयांश हिस्सा जप्तीतून सुटतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005, कलम 20(6) मध्ये तर कोर्ट थेट मालकाला सांगू शकतं की पगाराचा हिस्सा बाईला द्या किंवा कोर्टात भरा. आणि रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खावटीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, पगारजप्तीसकट. जेलमध्ये जाऊन आलो म्हणजे देणं फिटलं, असंही नाही. ते सुप्रीम कोर्टानं 1988 मध्येच सांगून झालंय.

म्हणजे कायदा आहे. पण तो चालतो कसा? आधी नवऱ्यानं बुडवायचं, मग बाईनं अर्ज करायचा, मग वारंट, मग पोलिसांचा अहवाल, "सदर इसम मिळून आला नाही". अरे, तो इसम दररोज साडेदहाला शाळेत हजेरीपटावर सही करतोय! पगार बँकेत पडतोय! मिळून कसा येत नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे. नवरा पगारदार असेल तर पहिल्याच आदेशात पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला कपातीचं लिहावं. बुडवायची वाट पाहायची कशाला? पतसंस्था कर्ज देतानाच कपातीचं लिहून घेते, कर्ज थकल्यावर नाही. पोराची बाजू पतसंस्थेपेक्षा कमजोर धरायची काय? "पगारबिलात आलं तर बेइज्जती होते" हे तर मला आता ऐकवतही नाही. तीन-तीन कर्जांचे हप्ते त्याच बिलात असतात, तेव्हा इज्जत जात नाही.

काही बहाद्दर खावटीची तारीख लागली की कर्ज काढतात, हातात पगार कमी दिसावा म्हणून. मी अशा दोघांची बिलं केलीत. स्वखुशीनं काढलेल्या कर्जाचे हप्ते कोर्ट सहसा वजा धरत नाही, पण पगाराची पूर्ण स्लिप कोर्टापुढं आली पाहिजे.

आता शेतकऱ्याचं विचाराल. आमच्याकडे निम्म्याहून जास्त नवऱ्यांना पगारच नाही, सातबारा बापाच्या नावावर, आणि तारखेवर येऊन सांगतात, "मह्या नावानं काहीच नाई." तिथं पगारजप्तीचा उपयोग शून्य, हे कबूल. पण कलम 20(6) मध्ये मालकाबरोबर "देणेकरी" हाही शब्द आहे, म्हणजे ज्याच्याकडून नवऱ्याला पैसे येणं आहे तो. अडत्याकडे कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, नवऱ्याच्या नावानं बाकी असेल तर तो का मागू नये? मी पाहिलेल्या अर्जांत हे कोणी मागितलेलं नव्हतं. वकील मंडळींनी सांगावं, मी बाबू माणूस.

"खोट्या केसेस पण असतात" अशी कमेंट येणारच. असतील. त्या कोर्टानं पाहाव्यात. आदेश झाल्यावर ते ठरवणारा मी कोण होतो, ड्रॉवर उघडा-बंद करणारा?

ज्या बायांकडे असा आदेश आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. पत्र कार्यालयात देताना स्वतःच्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्याच. देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला आणि लेकराला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि नुसता अर्ज लिहून पाहिजे असेल तर मला मेसेज करा. दुपारी बारानंतर मी रिकामाच असतो.