भुवईवरचे सोने

परवा एका सद्गृहस्थांनी माझ्या डाव्या भुवईवरून बोट फिरवले, ते दिव्याखाली धरले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "चमकतंय बघा काहीतरी. हे आमचंच असणार." मी कोल्हापूरच्या गुजरीत बसून ऑर्डरप्रमाणे हाताने अंगठ्या घडवणारा सोनार आहे. या धंद्यात माझे केस पिकले. पण गिऱ्हाइकाने माझा चेहरा झाडून तो हिशेबात धरण्याची ही पहिलीच वेळ.

काम साखरपुड्याच्या दोन अंगठ्यांचे होते. मुलीच्या अंगठीवर मुलाच्या बोटाचा ठसा कोरायचा आणि मुलाच्या अंगठीवर मुलीच्या. सोने घरचे, म्हणजे आजीच्या मोडक्या बुगड्या आणि एक झिजलेले वेढणे. मुलगा-मुलगी दोघेही समजूतदार होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. त्यांच्याबरोबर मुलीचे थोरले काका आले होते. ते लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर तपासायला काहीच न उरल्यामुळे आतून कासावीस झालेले असावेत. "सोनं नजरेआड होता कामा नये," असे जाहीर करून त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढले, वही उघडली आणि पानाच्या मधोमध पट्टीने उभी रेघ मारली.

पहिली हरकत ठशांवर निघाली.

"बोटाचा ठसा सोन्यात कोरायचा म्हणजे आधारचं काय?" काकांनी विचारले.

"आधारचं काय, साहेब?"

"अंगठी चोरीला गेली, चोरानं ती मशीनवर टेकवली आणि खातं रिकामं झालं, तर जबाबदार कोण? तुम्ही की मुलगा?"

मी त्यांना समजावले की अंगठीची पट्टी पाच मिलिमीटर रुंद आहे, तिच्यावर ठशातल्या मोजक्याच रेषा मावतात, त्याही मी भिंगातून पाहत कोरणीने मोठ्या करून काढतो, आणि माझे हे कोरीवकाम कोणत्याही मशीनने माणसाचे बोट म्हणून स्वीकारले तर तो माझ्या कलेचा सर्वोच्च सन्मान ठरेल. काकांनी वहीत 'आधार – कारागिराचे तोंडी आश्वासन' अशी नोंद केली आणि मला सही करायला लावली.

दुसरी हरकत कॅरेटवर निघाली. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते आणि इतक्या बारीक रेषा रोजच्या वापरात लवकर बुजतात, म्हणून मी अठरा कॅरेट सुचवले.

"म्हणजे मधले चार कॅरेट तुम्ही खाणार," काका म्हणाले.

कॅरेट खाता येत नाही. अठरा कॅरेट म्हणजे पंचाहत्तर टक्के शुद्ध सोने, म्हणून तर त्याच्यावर ७५० असा शिक्का उमटतो. बावीस कॅरेटच्या दहा ग्रॅममध्ये सव्वादोन ग्रॅमच्या आसपास चांदी आणि तांबे मिसळले, की अठरा कॅरेटचे जवळजवळ सव्वाबारा ग्रॅम होतात. आतले शुद्ध सोने जेवढ्यास तेवढेच राहते. हे सगळे मी कागदावर मांडून दाखवले. बुगड्या गाळून त्यांचा कस काढल्यावर जोडांना लावलेल्या जुन्या डागांमुळे, म्हणजे झाळणामुळे, त्या मुळात बावीस कॅरेटच्याही खाली निघाल्या, तेव्हा ती मांडणी पुन्हा केली. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घट समजू शकतो. पण ही वाढ कुठून आली?" माझ्या माहितीप्रमाणे सोनाराकडे सोने वाढले म्हणून संशय घेणारे ते या पेठेतले पहिलेच गृहस्थ असावेत.

माप घेताना मला संत नरहरी सोनारांची आठवण आली. विठ्ठलाच्या करगोट्याचे माप एकदा कमी आणि एकदा जास्त झाले, आणि शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः देवळात गेले, अशी कथा आहे. त्यांना केवढा साक्षात्कार झाला, पण एक गोष्ट लक्षात घ्या: विठ्ठलाबरोबर काका आले नव्हते. माझ्याकडे मुलाचे बोट मोजून झाल्यावर काकांनी शिवणाच्या दोऱ्याने ते स्वतः पुन्हा मोजले आणि दोरा पुरावा म्हणून वहीत चिकटवला.

खरा प्रसंग कानस लावताना उद्भवला. टाकणखार टाकून मुशीत सोने गाळले, लगड ओतली, ती लाटून पट्टी काढली, वळवून जोड झाळला, इथपर्यंत काका प्रत्येक टप्प्याला वजन करवून घेत होते. कानस सुरू होताच त्यांना सोन्याची भुकटी उडताना दिसली आणि त्यांनी आधी पंखा बंद करायला लावला. एप्रिलचा महिना. थोड्या वेळाने घामाघूम होऊन ते स्वतःच वहीने वारा घेऊ लागले, आणि तो सगळा वारा माझ्या खणातल्या किसावर येत होता.

किस खणात पडतो, थोडा मांडीवरच्या फडक्यात, उरलेला फरशीवर. म्हणून सोनाराचा केर रस्त्यावर जात नाही. तो साठवला जातो आणि झारेकरी तो धुऊन त्यातले सोने काढतात. सराफ गल्लीतली गटारेसुद्धा ही मंडळी सोडत नाहीत. कंबरेतून वाकून दिवसभर चिखल चाळण्याचे ते काम पाहिले, तर सोन्याची हौस जराशी ओसरते. हे सगळे मी काकांना मोकळेपणाने सांगितले आणि तिथेच फसलो.

"मग त्या केरात आमचा हिस्सा किती?"

"साहेब, त्या केरात कित्येक गिऱ्हाइकांचे कण आहेत. तुमची घट मी आधीच वजनात धरली आहे."

"गिऱ्हाइकवार केर वेगळा ठेवायला काय हरकत आहे? आमच्या खात्यात साध्या टाचण्यांचंही रजिस्टर असे." मग त्यांनी फरशी पाहिली, फडके पाहिले, माझी नखे पाहिली आणि शेवटी भुवई. वर ती म्हण ऐकवली: सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. मी म्हणालो, "त्यातला तिसरा हिशेब लिहिणारा आहे, साहेब." ते जराही न लाजता म्हणाले, "म्हणूनच तर मला सगळं कळतं."

हसू येते, पण मला याचा रागही आहे. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हा भावाला 'जरा कमी करा' असे कोणी म्हणाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. भाव ऐकून माणसे मान डोलावतात आणि घडणावळीचा आकडा आला की ताठ बसतात. सोन्याच्या कणाकणावर हक्क सांगणाऱ्यांना भिंगाला डोळा लावून दुखणारी मान वजनात धरायची सूचना आजवर सुचलेली नाही. साच्यातल्या ओतीव अंगठीचा फोटो मोबाईलवर दाखवून "हे बघा, इथे मजुरी निम्मी आहे," असे म्हणतात, आणि काम मात्र हातानेच करून हवे असते, कारण जगात दुसरी तशी असता कामा नये. माझ्या मुलाने हे सगळे लहानपणापासून पाहिले आहे. तो पुण्यात संगणकावर काम करतो आणि तिथे त्याच्या भुवईला कोणी हात लावत नाही.

अंगठ्या हॉलमार्क होऊन आल्या. आत कोरलेला सहा अक्षरी क्रमांक काकांनी मोबाईलवर तपासला आणि तेवढ्यापुरता त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला. सरकारी क्रमांकावर, माझ्यावर नव्हे. मुलीने अंगठीवरच्या रेषांवरून नख फिरवले आणि ती नुसतीच हसली. तेवढ्यात काकांनी वहीचे शेवटचे पान उघडले. मी कामावर बसलो ते सगळे तास त्यांनी स्वतः टिपले होते, त्यावरून घडणावळ फार वाटते असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या तासांतूनही एक रक्कम त्यांनी लाल शाईने वजा केली होती.

"हे कशाचं, साहेब?"

"चहाची वेळ. तेव्हा काम बंद होतं."

चहा मी मागवला होता. त्यातले दोन कप काकांनी घेतले होते आणि दुसऱ्यात साखर कमी आहे म्हणून परतही पाठवला होता.