थकवणारा शहाणा, भरणारा येडा

मार्च लागला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा विषय निघतोच. यंदा पुतण्याने व्हॉइस नोट टाकली, "काका, ह्या टायमाला नवं-जुनं करायचं नाय. माफी होऊ लालीय. भरलं त्यो येडा." खाली अकरा अंगठे.

नवं-जुनं म्हणजे मार्चअखेर जुनं पीककर्ज भरायचं आणि चार दिवसांनी तेवढंच नवं उचलायचं. मधल्या चार दिवसांपुरती रक्कम कुणाकडून तरी फिरवून आणायची. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. एवढी सोय असूनही आमच्या गावात (औसा तालुका) यंदा सोसायटीकडे कुणी फिरकेना. २०२५ च्या ऑक्टोबरात नागपूरला बच्चू कडूंचं आंदोलन झालं, मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ च्या आत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सांगितलं, तेव्हापासून सगळे त्या तारखेकडे डोळे लावून बसले. सातबारा कोरा, कोरा, कोरा.

ती नोट मी दुबईहून शारजाला जाणाऱ्या इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये ऐकली आणि डोकं फिरलं. अल नहदाला पोचल्यावर पार्किंग मिळेपर्यंत सव्वा तास गेला, तेवढ्यात मनात भाषण तयार. करक चहा गार होऊ दिला आणि अंगठा दुखेपर्यंत टाइप केलं. की बाबांनो, इथं पगाराच्या वीसपटीच्या वर पर्सनल लोन नाही, ते अठ्ठेचाळीस महिन्यांत फेडायचं, हप्ते पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ देत नाहीत. कर्ज देताना बँक सिक्युरिटी चेक लिहून घेते. दहा हजार दिरहम थकले तरी बँक कोर्टातून तुमचा देशाबाहेर जायचा रस्ता बंद करू शकते. क्रेडिट ब्युरोत नाव खराब झालं की पुढचं कार्ड विसरा. इथं माफीसाठी मोर्चे निघत नाहीत.

शेवटचं वाक्य पाठवायच्या आधी खोडलं. इथं मोर्चा काढताच येत नाही, ती काही शिस्त नव्हे. बाकीचं पाठवलं.

त्यात एक गोष्ट मी सोयीने गाळली होती. वीसपटीचा आणि निम्म्या पगाराचा नियम २०११ चा आहे. त्याआधी, २००८ साली, आमच्या साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये टाय लावलेला पोरगा यायचा आणि चहा पिता पिता कार्डाच्या फॉर्मवर सह्या घेऊन जायचा. मी डिप्लोमावाला सर्व्हेअर, सव्वीस वर्षांचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी टाय लावून माझ्याकडे पैसे घेऊन आला होता. कार्ड घेतलं, लोन घेतलं, कोऱ्या चेकवर सही केली. बहिणीचं लग्न लातूरच्या मंगल कार्यालयात झालं आणि पंगतीत दोन गोड होते.

२००९ ला प्रोजेक्ट बंद पडला. विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या टाकून पळाले, त्याच्या बातम्या तेव्हा जगभर झाल्या. माझ्याकडे गाडी नव्हती. सुट्टीला जातो असं सांगून एक बॅग घेऊन शारजाहून निघालो. हैदराबादला उतरलो, बसने उदगीर, तिथून घर. आईला वाटलं सुट्टीच आहे. चाळीस हजार दिरहम मुद्दल मागे ठेवून आलो होतो. गावात मात्र मी नऊ वर्षं "दुबई रिटर्न" होतो. ऋण काढून सण केला असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, कारण ऋण कुणाला दिसलंच नाही.

फोन यायचे. वसुलीवाल्यांनी दादाचा नंबर कुठून काढला देव जाणे. त्याला हिंदी जेमतेम. तो आपल्या दखनीत सांगायचा, "वो इदर नै रैते जी." मी समोरच्या बाजेवर बसलेला असायचो.

२०१८ ला परत यायचं ठरवलं. लातुरात ठेकेदाराच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती, पोरगी मोठी होत होती, आणि इथल्या एका जुन्या फोरमनने विसा द्यायची तयारी दाखवली. पण जुनी केस उघडी असेल तर उतरल्या उतरल्या इमिग्रेशनच्या काउंटरवरच हात धरतात. चेक बाउन्स हा तेव्हा पोलिसात जायचा गुन्हा होता. २०१७ च्या शेवटी दुबईत दोन लाख दिरहमांपर्यंतच्या चेकला तुरुंगाऐवजी दंड सुरू झाला होता खरा, पण ज्याच्या चेकवर सही असते त्याला अशा बातमीने झोप लागत नाही.

हे ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. एजन्सीवाला फोनवर "तीस टक्क्यांत मिटवतो, या खात्यात टाका" म्हणाला तर फोन ठेवा. मी मित्राला मुखत्यारपत्र दिलं आणि थेट बँकेच्या वसुली विभागात पाठवलं. आधी लायबिलिटी लेटर, म्हणजे एकूण देणं किती निघतं त्याचं पत्र, मागवलं. चाळीसचे एक लाख सहा हजार झाले होते. तीन महिने घासाघीस केल्यावर बेचाळीस हजारांवर तुटलं. ते बँकेच्या लेटरहेडवर लेखी आल्याशिवाय रुपया हलवला नाही. पैसे पाठवताना लातूरच्या शाखेत ए-टू फॉर्म भरायला अर्धा दिवस गेला, कारण परदेशातलं कर्ज फेडायला पैसे पाठवणारा माणूस त्या साहेबांनी पाहिलाच नव्हता. मग क्लिअरन्स लेटर. मग पोलिसातली केस मागे घेतल्याचं पत्र. ते सिस्टिमवर चढलं का, हे पुन्हा तपासलं आणि त्यानंतरच विसाला पासपोर्ट दिला. वसुली विभागातला इजिप्शियन साहेब फोनवर "बाकी, बाकी" करायचा तेव्हा मला आमच्या सोसायटीचा गटसचिवच बोलल्यासारखा वाटायचा. शब्द त्यांचाच, फारसीतून आपल्याकडे आला. आपण त्यावर बेबाकी दाखला केला.

(घरी बसून राहिलो तरी चालेल, असं आता कुणी समजू नये. जानेवारी २०२० पासून अमिरातीच्या कोर्टाचा हुकूम आपल्या जिल्हा कोर्टात दरखास्त लावून वसूल करता येतो.)

लेक्चरमध्ये नसलेली दुसरी गोष्ट आता लिहितो. एक लाख सहा हजारांचे बेचाळीस झाले. चौसष्ट हजार दिरहम सुटले. सुटले म्हणजे काय? ग्रुपवर मी त्याला नेहमी "सेटलमेंट" म्हणतो.

आणि बेचाळीस हजार आले कुठून? साडेअठराच्या भावाने पावणेआठ लाख. बायकोचं सोनं गहाण पडलं, सासऱ्यांनी दिले, माझे थोडे होते. एक लाख चाळीस हजार कमी पडत होते. दादाने जूनमध्ये सोसायटीचं पीककर्ज उचललं होतं, आठ एकर सोयाबीनचं. खात्यावर जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने ते मला दिले आणि बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणलं. त्या साली पाऊस आला नाही. ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या बऱ्याच तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तेव्हा मी शारजात बेड-स्पेस, म्हणजे भाड्याची खाट, शोधत होतो.

मार्च २०१९ ला दादाचं नवं-जुनं झालं नाही. थकबाकीदाराला नवं कर्ज मिळत नाही, म्हणून पुढच्या पेरणीला त्याने सावकाराकडून काढले, शेकडा तीनने, महिन्याला. हे मला दोन वर्षांनी वहिनीकडून कळलं. डिसेंबरात महात्मा फुले कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंत. यादीत दादाचं नाव होतं. सेवा केंद्रात जाऊन त्याने अंगठा लावला आणि सोसायटी मिटली. सावकाराची यादी कुठे लागते?

म्हणजे दुबईच्या बँकेच्या त्या पैशांत दीड लाखाच्या आसपास महाराष्ट्र सरकारचे आहेत. आणि दादाने अंगठा लावला नेमक्या त्याच आठवड्यात, इथे नवी नोकरी लागलेल्या मी, ह्याच ग्रुपवर लिहिलं होतं, "फुकटचं खाऊन मराठवाडा असाच राहणार." दादाने त्याच्याखाली हात जोडल्याची खूण टाकली होती. मी मागे जाऊन शोधली. अजून आहे.

यंदाच्या लेक्चरवरही पुतण्याचं उत्तर आलं नाही. रात्री दादाचा फोन आला. "पोरगं हाय, नको रागवू. त्याला आठराच्या सालचं काय म्हाईत नाय. राहू दे की." मग पोरीची परीक्षा कधी, तिकडं ऊन सुरू झालं का, असं विचारत राहिला.

मी अजूनही म्हणतो की पुतण्या चुकतोय. भरू शकणाऱ्याने भरावं. तो भरू शकतो, बोअरला पाणी आहे, मोटरसायकल नवी आहे. फक्त हे त्याला सांगायला मी सोडून कुणीतरी पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सोसायटीत गेलो होतो, कुणाला न सांगता. गटसचिव माझ्या वर्गातला. पूर्वी "ये बे" म्हणायचा, आता "या साहेब" म्हणत खुर्ची पुसली. दादाच्या नावावर जुनं जे होतं ते भरायचंय, म्हणालो. त्याने रजिस्टर काढलं, बोट फिरवत त्या ओळीवर आणलं आणि माझ्याकडे वळवलं. शेवटच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, निरंक.

"खातंच नाय ओ साहेब," तो हसला. "कशात घेऊ? चहा घ्या."